हिरवा उतार

चक्दोरने नागमोची दोन्ही शिंगे धरून सगळा जोर लावला. ती तसूभरही वर आली नाही. त्याचेच पाय घोट्यांपर्यंत आत गेले. म्हातारी याकमादी काळ्या चिखलात पोटापर्यंत रुतली होती. तिच्या मागचा अख्खा उतार सकाळी घसरला होता. वरचा गवताचा थर घोंगडीसारखा गुंडाळला जाऊन तळाशी पडला होता आणि त्याखालची, कधी ऊन न पाहिलेली माती उघडी पडून पाझरत होती.

पलीकडून त्याची लेक ड्रुकमो फावड्याने चिखल उपसत होती. उपसावा तेवढा वरून पुन्हा येत होता.

यंदा हाच उतार सगळ्यांत आधी हिरवा झाला होता. ड्रुकमो शहरात शिकून परतली ती या कुरणांवरच काम करायला. तिने गवतावर बिनझाकणाच्या पारदर्शक पेट्या मांडल्या होत्या. त्यांत हवा जरा उबदार राही. मग गवत किती वाढते आणि मातीतून हवेत काय जाते, ते ती मोजायची. लेकीने पेटीत केले ते देवाने डोंगरभर करून दिले, अशी थट्टा चक्दोर शेजाऱ्यांत करायचा.

ही हिरवळ फसवी आहे, असे तिने त्याला वसंतातच सांगितले होते. हजारो वर्षांची मुळे गोठलेल्या जमिनीत न कुजता पडून होती. आता बर्फ वितळतो आहे आणि ती कुजताहेत. गवत हवेतून जितका कार्बन घेते त्याहून जास्त ही माती हवेत सोडते, त्याने ऊब आणखी वाढणार. या उताराखालचा बर्फ तर केव्हाच वितळला आहे, इथे कळप आणू नका, असेही ती म्हणाली होती. त्याने सगळे ऐकून घेतले आणि कळप आणला. जनावरांच्या बरगड्या दिसत होत्या आणि इथे गवत पोटरीला लागत होते.

दुपार कलली. नागमोचे घुरघुरणे थांबले. उताराच्या वरच्या कडेला पडलेली भेग रुंदावत चालली होती. दोन गिधाडे खाली उतरून बसली. रुतलेले जनावर मरेपर्यंत ती थांबत नाहीत.

"आपा, हिला अशीच सोडून जायचं?" ड्रुकमोने बापाला विचारले.

"मग काय करू? तुझ्या आईसाठी सोडलेली आहे ती."

बायको आजारी पडली तेव्हा लामांसमोर चक्दोरने नागमोच्या कानात लाल फीत ओवली होती. हिच्यावर आपल्या घरातले कोणी कधी सुरी चालवणार नाही, असे वचन दिले होते. बायको वाचली नाही. वचन राहिले.

ड्रुकमोने फावडे खाली ठेवले.

"तंबूतून लांब दोर घेऊन या. मोटारसायकलला बांधून ओढून बघू."

त्या चिखलात मोटारसायकल चार हातही चालली नसती. चक्दोर लेकीकडे बघत राहिला. मग त्याने अंगरखा उतरवला, कमरपट्टा सोडला आणि सुरीसकट दोन्ही कोरड्या गवतावर ठेवले.

"ओला होऊन जड झालाय," तो म्हणाला आणि तंबूकडे निघाला. एकदाही मागे वळला नाही.

तो परतला तेव्हा ड्रुकमो नागमोच्या डोक्यापाशी बसली होती. जनावराचे डोळे तिने चिखलाने लिंपून मिटवले होते.

"आपोआपच गेली, आपा."

"हं. दोर शोधण्यात वेळ गेला."

त्याने तंबूतून आणलेला थर्मास उघडला आणि तिच्या हातांवर गरम चहा ओतत राहिला, बोटांमधले लाल पुरते धुऊन निघेपर्यंत. नंतर कडेला बसून त्याने जपमाळ काढली. पहिली माळ नागमोच्या नावाने झाली. ती संपल्यावर त्याने दुसरी सुरू केली, आणि ती कोणासाठी ते सांगितले नाही.