हद्दीबाहेरचा बंब

नवा बंब आला त्या दिवशी फायर स्टेशनातल्या बाराही जणांनी त्याला हात लावून पाहिला. साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला, आणि मग ड्रायव्हर बंब आत घ्यायला गेला. बंबाचं नाक आत गेलं आणि वरची शिडी दाराच्या तुळईला टेकली. नऊ इंच कमी पडत होते.

"टायरमधली हवा काढून बघू," कुणीतरी म्हणालं.

"काढू की," ड्रायव्हर म्हणाला, "आणि आग लागली की त्यांना निरोप धाडू, थांबा जरा, हवा भरून येतो."

जमीन खणावी तर खाली पाण्याचा हौद. तेव्हा बंब रस्त्याच्या कडेला उभा राहिला, ताडपत्री पांघरून, आणि दीड वर्ष तसाच राहिला. उन्हानं पाइपांना चिरा पडल्या.

ह्या ड्रायव्हरला सगळे टकटक म्हणत. रोज सकाळी तो टाकीवर बोटांनी टकटक करून पाणी किती आहे ते सांगायचा. नव्या बंबाला काटा होता, पण त्याचं म्हणणं, "काटा कालच नोकरीला लागलाय, मला बावीस वर्षं झाली." कामाच्या बाबतीत माणूस असा चोख की बाकीचे चिडायचे. त्या नऊ इंचांनी त्याच्या नाकी नऊ आणले होते. एकदा बंबापुढे कुणीतरी मोटार लावून केस कापायला गेलं. मालक सापडेपर्यंत सहा मिनिटं गेली. पोचले तेव्हा सुताराच्या कारखान्याची राख झाली होती. सुतार भांडला नाही, शिव्याही दिल्या नाहीत. नुसता बघत राहिला. टकटकला ते बघणं काही केल्या विसरता येईना.

आता पैसे नव्हते असं नाही. स्टेशनासमोरच्या रस्त्यापलीकडे जुन्या गोदामांची वस्ती होती. ती पाडून तिथे दुकानं आणि घरं उठत होती. त्यांच्यामुळे जो कर वाढत होता तो पुनर्विकास निधीत जमत होता आणि त्याच भागाच्या भल्यासाठी खर्च व्हायचा होता: रस्ते, गटारं, सार्वजनिक इमारती. निधी चांगला गुबगुबीत झालाय हे सगळ्या शहराला ठाऊक होतं. साहेबांनी अर्ज केला. चार महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं. इमारत हद्दीबाहेर असल्याने विचार करता येत नाही.

टकटकची भाची त्याच निधीच्या कचेरीत नकाशे काढायची. धाकट्या बहिणीची मुलगी. सायकल चालवायला ह्यानंच शिकवलेली. दुसऱ्या दिवशी तो गणवेशातच तिच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिला.

"दाखव तुझी हद्द."

तिनं नकाशा पसरला. लाल रेघ गोदामांना वळसा घालून त्यांच्या रस्त्यावर येत होती आणि रस्त्याच्या बरोब्बर मधून जात होती. स्टेशन रेघेच्या अलीकडे, वीस पावलांवर.

"ही कुठल्या शहाण्यानं मारली?"

"मी," भाची म्हणाली. "मामा, ओरडू नकोस, सगळे बघतायत. मोडकळीला आलेल्या इमारती आत घ्यायच्या आणि धडधाकट बाहेर ठेवायच्या, असा नियम आहे. पाहणीच्या कागदावर जे होतं त्यावरून मी रेघ मारली."

तिनं तो कागदही काढला. फायर स्टेशन: इमारत सुस्थितीत. रंग नवा. दारं-खिडक्या उत्तम.

टकटक खुर्चीत बसला. तो रंग स्टेशनातल्यांनी स्वतः लावला होता. पाच रविवार, सुट्टीच्या दिवशी, ब्रशसुद्धा घरून आणून. छताच्या भेगांत डांबर त्यानंच ओतलं होतं. पालिका काही करत नाही म्हणून केलं होतं.

"म्हणजे आम्ही घाण ठेवली असती तर आत आलो असतो?"

भाचीनं नकाशा गुंडाळून ठेवला. पण संध्याकाळी तिचा फोन आला. नियमांत एक फट होती. हद्दीबाहेरची इमारतही चालते, पण ती आतल्या भागाच्या उपयोगाची आहे हे दाखवायचं, आणि तिच्यासाठी दुसरीकडून पैसे मिळणं शक्य नाही हेही.

पहिलं सोपं होतं. कॉलच्या नोंदवहीतून टकटकनं वर्षभराचे कॉल उतरवून काढले. लिहायची सवय नाही, त्यामुळे तीन आठवडे गेले. एकशे चाळीस कॉल, त्यांतले शहाण्णव रेघेच्या आतले. साहेब त्याला घेऊनच निधीच्या समितीच्या बैठकीला गेले.

अध्यक्षांनी यादी पाहिली आणि कौतुक केलं. "फारच छान. आता फक्त पालिकेकडे ह्यासाठी पैसे नाहीत, एवढं लेखी हवं."

सगळे पालिकेच्या वित्त अधिकाऱ्याकडे बघायला लागले. तो गृहस्थ चष्मा पुसत होता.

"आहेत का पैसे?" साहेबांनी विचारलं.

"कुठले हो! दमडी नाही."

"मग तसं लिहून द्या."

"लिहून कसं देणार? शहराकडे पैसे नाहीत असं कागदावर आलं, की कर्ज देणारे उद्या सकाळी दारात."

टकटकला बोलायची परवानगी नव्हती. तरी तो उठला. "म्हणजे ह्यांच्याकडे आहेत पण देता येत नाहीत, आणि तुमच्याकडे नाहीत पण म्हणता येत नाही. आगीला काय सांगू आम्ही? पुढच्या बैठकीला ये म्हणून?"

कुणीतरी हसलं. अध्यक्षांनी विषय पुढे ढकलला. पुढच्या बैठकीत पुन्हा ढकलला, तिसऱ्या वेळी यादीतून गाळलाच. तोवर समोर, रेघेच्या आत, त्याच निधीतून नागरिक भवन उभं राहत होतं. काचेचा घुमट, दोन सभागृहं, आणि पायऱ्या इतक्या की चढेपर्यंत माणसानं कशाला आलो ते विसरावं. रोज सकाळी बंब धुताना टकटकच्या तोंडासमोर तो घुमट चकाकायचा.

एका रविवारी बहिणीकडे जेवताना भाची म्हणाली, "मामा, अध्यक्ष परवा भवनाच्या गच्चीवर उभे होते. म्हणाले, समोर हा लाल भडक ठोकळा आणि ताडपत्रीतला बंब, काय हे दृश्य! निधीतच रस्त्याच्या सुशोभीकरणाचे पैसे वेगळे आहेत. त्यात रस्त्यावरून दिसणारी प्रत्येक भिंत बसते, दोन्ही बाजूंची. मी स्टेशनाचा दर्शनी भाग घालतेय. दर्शनी भागात दार येतं. नवी कमान काढू, आत्ताच्या दारापेक्षा बारा इंच उंच."

टकटकचा घास हातातच राहिला. "माणूस जळू नये म्हणून नाही. दिसायला बरं म्हणून."

"दार उंच होतंय ना?"

"सुताराला काय सांगू मी? तुझ्यासाठी नाही झालं बाबा, घुमटासाठी झालं?"

"मग नको करू का?" तिचा आवाज चढला. "सहा महिने मी ह्या एका फायलीच्या मागे आहे. कचेरीत मला बंबवाली म्हणतात आता."

बहिणीनं दोघांच्या ताटात भात वाढला. "आधी जेवा. भांडण गार होत नाही, अन्न होतं."

टकटक भात कालवत म्हणाला, "कर."

फाइल तीन आठवड्यांत मंजूर झाली. आगीच्या नावानं जी वर्षभर हलली नाही, ती शोभेच्या नावानं पळाली. तुळई कापली, कमान आली, लाल भिंतीवर भवनाशी जुळणारा दुधी रंग चढला. आणि दारासमोर, दोन्ही अंगांना, दगडी काठाचे फुलांचे वाफे आले. मधली वाट एवढी अरुंद की बंब सरळ निघेल, पण लगेच वळणार नाही.

"इथे वाफा नको," टकटक ठेकेदाराला म्हणाला.

"नकाशात आहे."

भाचीला फोन केला. ती हात टेकल्यासारखी म्हणाली, "कमान आणि फुलं एकाच मंजुरीत आहेत, मामा. फुलं काढायची तर फाइल पुन्हा पहिल्यापासून."

बंब आत गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टकटक खाली उतरला आणि वाफ्याची रुंदी पावलांनी मोजत राहिला.

अकराव्या दिवशी भर दुपारी कॉल आला. रेघेच्या आतलीच नवी इमारत, तिसरा मजला, स्वयंपाकघर, घरात दोन म्हातारी माणसं. टकटकनं बंब बाहेर काढला, वळण बसेना. मागे घ्यावा, पुन्हा पुढे घ्यावा, तेवढा वेळ नव्हता. त्यानं चाक फिरवलं आणि डावी बाजू वाफ्यावरून नेली. दगडी काठ कडाडला. चार मिनिटांत ते पोचले. एक कपाट आणि पडदे जळाले, बाकी घर वाचलं. आजी स्वतः उतरल्या, आजोबांना दोघांनी उचलून खाली आणलं. ते बंबाच्या पायरीवर बसले, खोकले आणि आधी चष्मा कुठाय ते विचारलं. टकटक पुन्हा वर जाऊन चष्मा घेऊन आला.

पंधरा दिवसांनी पाकीट आलं. निधीतून उभारलेल्या मालमत्तेची नासधूस केल्याबद्दल सात दिवसांत लेखी खुलासा करावा. वाफ्याची किंमत पगारातून का कापू नये?

तो कागद घेऊन तो बहिणीकडे गेला. भाचीनं वाचला आणि कपाळाला हात लावला. "सांग, मी लिहिते. आपत्कालीन परिस्थितीत, नाइलाजानं—"

"नाइलाज नव्हता," टकटक म्हणाला. "मुद्दाम नेला. लिही तसंच. पुन्हा कॉल आला तर पुन्हा नेईन, हेही लिही."

"मामा, नोकरी जाईल."

"चार मिनिटांत पोचलो, त्याचा कागद कुणी पाठवला का ग?"

बहीण दारात उभी राहून ऐकत होती. "ती म्हणते तसं लिहू दे," ती भावाला म्हणाली. "तुझ्या रागानं फुलंही उगवणार नाहीत आणि रस्ताही रुंद होणार नाही."

भाचीनं आपत्कालीन, नाइलाजानं, दिलगीर असे सगळे शब्द घालून खुलासा लिहिला. त्यानं तो दोनदा वाचला. दिलगीर ह्या शब्दावर पेनानं जाड काट मारली आणि खाली सही केली.

"एवढं तरी माझं राहू दे," तो म्हणाला, आणि चपला घालून ड्यूटीवर निघाला.