थंड गावासाठी बेतलेला कोट

मी शिवणकामाच्या दुकानातली डमी बोलतेय. तोंड नसताना कशी बोलते, असं विचारू नका. मला तोंडच काय, मानेच्या वर काहीच नाही. हातही नाहीत. पाय एकच, तोही लाकडी आणि मधोमध. एवढ्या भांडवलावर मी या घरात इतकी वर्षं टिकून आहे, कारण माणसं माझ्यासमोर काहीही बोलतात. हिला डोकं नाही, हिला काय कळणार, असं त्यांना वाटतं. गेल्या वर्षी डोकं असलेल्या तिघांनी मिळून जो घोळ घातला तो पाहिल्यापासून मला मानेवर काही नसल्याचं वाईट वाटेनासं झालंय.

माझा जन्म कारखान्यातला. आत कापूस, त्यावर कागदाचा लगदा, त्यावर ताणून बसवलेलं कापड. आम्ही सगळ्या बहिणी एकाच साच्यातून निघालो. त्यामुळे हिची कंबर बघ आणि तिचे खांदे बघ, अशी कुजबुज आमच्यात कधी झाली नाही. हे किती मोठं सुख होतं ते मला माणसांच्या घरात आल्यावर कळलं.

पहिली नोकरी तयार कपड्यांच्या एका दुकानात, काचेमागे. लोक समोर थांबायचे, टक लावून बघायचे. मी भलतीच खूश असायची. मग लक्षात आलं की ते काचेत बघून आपले केस सारखे करताहेत. पुढे ते दुकान बसलं, सामान विकायला निघालं, आणि मला आत्ताच्या मालकिणीने घेतलं. तिने घराच्या पुढच्या खोलीत नुकतंच शिवणाचं दुकान थाटलं होतं.

मला न्यायला तिचा नवरा आला. तो ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवतो. त्याला सगळे मास्तर म्हणतात, घरातसुद्धा. त्याने मला शिकाऊ पाटी लावलेल्या गाडीत पुढच्या सीटवर बसवलं आणि न विसरता पट्टा लावला. सिग्नलला एक स्कूटरवाला माझ्या रिकाम्या मानेकडे डोळे फाडून बघत राहिला. मास्तरांनी त्याला शांतपणे सांगितलं, "अजून शिकतेय."

मास्तरांच्या धंद्यात शिकणारा गाडी चालवतो आणि हे शेजारी बसतात. त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. वर्षानुवर्षं तो दाबून त्यांना अशी सवय लागली आहे की घरात कुणी काही ठरवायला लागलं की त्यांचा पाय फरशीवर आपोआप दाबला जातो. नवा पंखा घ्यायचं निघालं, दाबला पाय. भिंतींचा रंग बदलायचं निघालं, दाबला पाय. फरशी काही थांबत नाही, पण त्यांना बरं वाटतं.

मालकीण याच्या अगदी उलट. ओठांत टाचण्या धरून ती दिवसभर बोलत असते आणि एकही टाचणी पडत नाही. माप देताना गिऱ्हाइकं पोट आत ओढतात आणि मग कपडा घट्ट झाला म्हणून भांडायला येतात. म्हणून ती मापाची टेप हातात घेतल्यावर आधी एखादा विनोद सांगते. माणूस हसला की पोट बाहेर येतं. तेच माप ती लिहून घेते.

या दोघांची एकुलती एक मुलगी. तिला घरात टाचणी म्हणतात, कारण ती जन्मापासून बारीक आहे आणि सतत कुठेतरी टोचत असते. कापड बेतायच्या टेबलाखाली ती वाढली. तिच्यासाठी शिवलेला एकही कपडा तिने निमूट घातलेला मी पाहिला नाही. गळा टोचतो, मुंढा काखेत काचतो, ही फ्रिल काय मूर्खासारखी दिसते. मालकीण म्हणायची, असलं कटकटं गिऱ्हाईक दुश्मनालाही मिळू नये. मग रात्रीचं जेवण बाजूला ठेवून मुंढा उसवायला बसायची.

पोरगी हुशार निघाली. जगात शिकण्यासारखे हजार विषय असताना तिने वाळवी निवडली. ज्या घरात मी लाकडी पायावर उभी आहे, त्या घरात. जेवतानाही वाळवीच्या राणीबद्दल बोलायची आणि मास्तरांचा घास तोंडातच थांबायचा. एम.एस्सी. झाल्यावर तिने पीएचडीसाठी अर्ज केले आणि एकाच आठवड्यात दोन विद्यापीठांनी तिला बोलावलं.

पहिलं होतं एका थंड गावात. नाव इतकं मोठं की ऐकल्यावर मास्तरांचा पायसुद्धा ब्रेकवरून उचलला गेला. तिथले मोठे सर जगभर भाषणं देत फिरायचे. फोनवर ते टाचणीशी फार गोड बोलले, पण तिचा एम.एस्सी.चा प्रबंध त्यांनी वाचलेला नव्हता. त्या गावात वाळवी काचेच्या पेटीत हीटर लावून ठेवतात, कारण बाहेर ती जगतच नाही. दुसरं विद्यापीठ होतं एका तापलेल्या, धुळीच्या गावात. नाव कुणी ऐकलेलं नाही. तिथल्या मॅडम दिवसभर वारुळं खणतात. त्यांनी प्रबंध अथपासून इतिपर्यंत वाचला होता. अभिनंदन वगैरे काही न करता त्यांनी पहिलंच वाक्य टाकलं, की तुझं तिसरं प्रकरण साफ चुकलंय.

त्या फोननंतर टाचणी दोन दिवस नुसती धुमसत होती. समजतात कोण स्वतःला, तिसरं प्रकरण म्हणे चुकलंय. माझ्याभोवती फेऱ्या मारत ती मॅडमना उत्तरं द्यायची आणि मध्येच थांबून म्हणायची, हं, तो मुद्दा मात्र बरोबर आहे. मोठ्या सरांच्या फोनबद्दल ती काहीच बोलली नाही. तिचं मन कुठे आहे ते मला तेव्हाच कळलं होतं. पण मला विचारतो कोण?

दोन्हीकडे फी माफ होती, विद्यावेतनही सारखंच होतं, त्यामुळे पैशांवरून काही निर्णय लागेना. शेवटी मालकिणीने आपल्या धंद्यातला मार्ग सुचवला. आमच्या दुकानात कुठलाही कपडा आधी कच्च्या टाक्यांनी जोडतात, गिऱ्हाईक तो घालून बघतं, आणि पटला तरच पक्की शिलाई. तसंच करू, ती म्हणाली. एक आठवडा थंड गाव ठरलंय असं समजून राहायचं, दुसरा आठवडा तापलेलं गाव. कुठे काचतं ते कळेल. मास्तरांचा पाय दाबला गेला, पण कुणी लक्ष दिलं नाही.

पहिला आठवडा थंडीचा. टाचणी पंखा लावून स्वेटर घालून बसली. मास्तर तिला बर्फात गाडी कशी चालवावी ते सांगू लागले. त्यांनी बर्फ पाहिलाय तो फक्त सरबताच्या पेल्यात. शिवाय ही तात्पुरती व्यवस्था आहे हे विसरून ते गाडी शिकायला आलेल्या प्रत्येकाला सांगत सुटले की मुलगी अमुक विद्यापीठात चालली. एकाने म्हणे ऐकता ऐकता गाडी फुटपाथवर चढवली आणि वर अभिनंदन केलं.

हे चालण्यासारखं होतं. पण मालकिणीने त्याच आठवड्यात कात्री चालवली. कपाटात तिने एक जाड लोकरी कापड कधीपासून जपून ठेवलं होतं, तपकिरी, हात लावला की ऊब लागेल असं. ते तिने काढलं आणि कोट बेतला. कच्च्या टाक्यांचा नियम तिचाच, आणि तो पहिला तिनेच मोडला. मी तिला दोष देत नाही. लेक आपल्यापासून लांब चालली आहे आणि त्यावर आपल्याला काही करता येत नाही, हे तिला सहन होत नव्हतं. हातात काम असलं की ती रडत नाही.

दुसरा आठवडा तापलेल्या गावाचा होता, पण तो आलाच नाही असं समजा. उन्हाळ्यासाठी वेगळं काय शिवायचं? टाचणी जुना सुती झगा घालून बसली आणि मालकीण माझ्या अंगावर कोट चढवून अस्तर लावत राहिली. आत रेशमी अस्तर, खिशाच्या आत आणखी एक खिसा, हातमोजे हरवू नयेत म्हणून बाहीत नाडी. एवढा जीव तिने कुठल्याच गिऱ्हाइकाच्या कपड्यात ओतला नव्हता. मी घामाघूम झाले असते, पण मला ती सोय नाही.

एका दुपारी मालकीण बटणं आणायला बाजारात गेली तेव्हा टाचणी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिने कोटाच्या कॉलरवरून हात फिरवला.

"मॅडमकडे जायचं होतं गं मला," ती मला म्हणाली. "आता आईला कसं सांगू?"

आणि मग ती माझ्यासमोर नकार देण्याची तालीम करू लागली. मॅडम, मी खूप विचार केला. मॅडम, घरच्या काही अडचणी आहेत. प्रत्येक वेळी तिसऱ्या वाक्याशी तिचा आवाज चिरकायचा आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. मला जन्मात पहिल्यांदा तोंड हवंसं वाटलं. नुसतं ओरडण्यापुरतं, बाकी काही खाणंपिणं नको.

उत्तर कळवण्याच्या दिवशी सकाळी कोटाची शेवटची ट्रायल होती. टाचणीने कोट घातला आणि आरशात न बघताच म्हणाली, "छान झालाय."

मालकिणीच्या ओठांतल्या टाचण्या हलायच्या थांबल्या. तिने विचारलं, मुंढा काचतोय का? नाही. गळा? अगदी बरोबर. लांबी? छान आहे. मालकिणीने ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि सुयांच्या उशीत खोचल्या. मग तिने लेकीची डावी बाही धरून वर उचलली. ती बाही अजून दुमडायची होती. पोरीची बोटंसुद्धा आत गडप झाली होती.

"एवढी लांब बाही आणि तुला छान वाटतेय?" ती म्हणाली. "जन्मापासून माझ्या एका टाक्याला तू बरं म्हटलं नाहीस. तुला हा कोट घालायचाच नाहीये."

मास्तर चहाचा कप घेऊन दारात उभे होते. त्यांचा पाय फरशीवर इतका जोरात दाबला गेला की चप्पल वाजली.

"तू इतकं मन लावून शिवलास," टाचणी शेवटी म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

"मग? माझं कापड वाया जाईल म्हणून तू पाच वर्षं वाया घालवणार?" मालकिणीने तिच्या अंगावरून कोट उतरवला, जसा लहानपणी शाळेतून आल्यावर उतरवायची तसा. "कापड आहे ते. चूक माझी आहे, मी आधी कापलं. लाव फोन त्या भांडकुदळ बाईला."

मास्तर हळूच म्हणाले की आपण सगळ्यांना सांगून बसलोय. मालकिणीने सांगितलं, आता उलटं सांगून या, तुम्हाला रिव्हर्स घ्यायला कुणी शिकवायला नको. मास्तरांनी पाय फरशीवरून उचलला आणि तिथल्या स्टुलावर टेकले.

टाचणीने माझ्या शेजारी उभी राहूनच फोन लावला. तालमीतलं एकही वाक्य तिने वापरलं नाही. मी येतेय, एवढंच म्हणाली. पलीकडून मॅडमनी आनंद वगैरे व्यक्त केला नाही. जाड तळाचे बूट आण म्हणाल्या, आणि तिसरं प्रकरण नव्याने लिहूनच ये. फोन ठेवल्यावर पोरगी चहा गार होईपर्यंत कुरकुरत होती. अशा बाईबरोबर माणसाने काम कसं करायचं, ही काय पद्धत झाली. मालकीण समोर बसून ऐकत होती आणि तिचा चेहरा इतक्या दिवसांनी सैल पडला होता.

मग बांधाबांध सुरू झाली. माणसं प्रवासाला निघाली की त्यांना घरातल्या सगळ्या वस्तू अचानक प्यारी होतात. मास्तरांनी बॅगेत टायरमधली हवा मोजायचं यंत्र घातलं. पोरीकडे सायकलसुद्धा नाही. मालकिणीने पातळ सुती झगे शिवले आणि त्यातल्या प्रत्येकावर टाचणीने यथेच्छ तोंडसुख घेतलं. कंबर वर आहे, खिसा वाकडा आहे. मालकीण उसवत होती आणि गुणगुणत होती. निघायच्या सकाळी टाचणीने वाकून माझा लाकडी पाय नखाने ठोकून पाहिला, आतून पोकळ तर नाही ना म्हणून. तिचं प्रेम दाखवायची हीच पद्धत आहे. शहारा आला मला, पण मी उभी राहिले.

आता दुकान पूर्वीसारखंच चालू आहे. ऐन उन्हाळ्यात तो तपकिरी कोट माझ्या अंगावर आहे, कारण मालकिणीला तो घडी घालून ठेवायचं मन होत नाही. गिऱ्हाइकं मला बघूनच घाम पुसतात. घर शांत झालंय. मला टाचणीची आठवण येते. माझ्याशी बोलणारं आता कुणी नाही, सगळी माझ्या अंगावरच्या कपड्यांशी बोलतात.

परवा संध्याकाळी तिचा फोन आला. मालकिणीने तो स्पीकरवर टाकून माझ्या पायाशी ठेवला आणि काज करायला बसली. टाचणी सुरू झाली. खोलीत धूळ येते, पाणी गरम येतं, मॅडमनी नवं प्रकरणही लाल करून परत दिलंय, वारूळ खणून हातांना फोड आलेत, आणि शेजारची मुलगी पहाटे गाते. मास्तर बाहेरून आले आणि काळजीने तिथेच उभे राहिले. बऱ्याच वेळाने फोन संपला.

"काय म्हणते गं?" त्यांनी विचारलं.

मालकिणीने दोरा दाताने तोडला. "रमली," ती म्हणाली, आणि मग बराच वेळ सुईत दोरा ओवत राहिली, कारण तिला नेढं दिसत नव्हतं.

एवढीच माझी कहाणी. तुमच्यापैकी कुणी थंड गावाला शिकायला निघालं असेल, आणि खरंच मनापासून निघालं असेल, तर आमच्या दुकानात या. कोट चांगला आहे, अस्तर रेशमी आहे. डावी बाही अजून दुमडायची राहिली आहे, ती तुमच्या हाताच्या मापाने दुमडून मिळेल. तेवढा माझ्या अंगावरचा भार उतरवा, फार उकडतंय.