हळदीचे हप्ते

माझ्या हळदीला बाबांनी डीजे लावला, बोकड कापले, अख्खं गाव जेवू घातलं. पगाराची स्लिप घरात फक्त माझ्याकडे, म्हणून बिनतारण कर्ज माझ्याच नावावर काढलं. दोन वर्षांत नवऱ्याला सोडून कात्रपला माहेरी आले, तोवर हप्ते थकले होते. आज बँकेत घासाघीस करून चार वर्षांचे लहान हप्ते बांधून घेतले.

घरी येऊन चप्पल काढतेय, तोच बाबा म्हणाले, “संजीवनी, जितेशचं लग्न ठरलं. हळदीसाठी तुझी स्लिप लागेल गं.”

“माझंच कर्ज फिटलं नाही, बाबा.”

“भावाची हळद साधी केली तर लोक काय म्हणतील?”

“लोक जेवून गेले, बाबा. नवराही सुटला. त्या बोकडांचे पैसे मी अजून भरतेय.”