बियाणे केंद्रातल्या जुन्या संगणकाचा सूड

मित्रांनो, माझ्या पाठीला उंदरांनी कुरतडलंय, तरी माझी स्मरणशक्ती शाबूत आहे. मी मलावीतल्या एका बियाणे केंद्रातला जुना संगणक. आलो तेव्हा तियामिकेबाई मला रोज फडक्यानं पुसत. त्या संख्याशास्त्रज्ञ. मक्याच्या नव्या वाणाची चाचणी झाली, की बाई तिच्या आकड्यांना मागच्या हंगामांचा अनुभव जोडत. मग माझ्याकडून हजारो लुटुपुटीचे हंगाम रचून आपली पद्धत किती वेळा चुकते तेही पाहत.

संचालक काम्वेन्दोसाहेब भर बैठकीत म्हणाले, "बाई, हे गणित आहे की न्सिमाच्या लापशीचं पातेलं? हाताला लागेल ते टाकायचं नि ढवळायचं?" सगळे हसले. बाईंची दूर बदली झाली. मला गोदामात फेकलं. तेव्हापासून मी दात धरून होतो.

पुढे साहेबांनी एका बऱ्या हंगामाच्या जोरावर शिरे नदीकाठच्या सगळ्या शेतांसाठी नवं वाण जाहीर केलं. मंत्रालयानं फेरतपासणी बाईंकडे सोपवली. त्यांची पद्धत माझ्याच पोटात होती. गोदामात येऊन माझी धूळ झटकत त्या म्हणाल्या, "चल म्हाताऱ्या, आता त्यांची पाळी."

मागचा अनुभव म्हणून त्यांनी निवडून निवडून वाईट हंगामच भरले. उत्तर आलं, वाण टाकाऊ. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पण मग लुटुपुटीचे हंगाम चालवले, तर चांगल्या वाणालाही आम्ही पुन्हा पुन्हा टाकाऊ ठरवत होतो. बाईंनी भरलेले हंगाम पुन्हा एकेक करून वाचले.

"हा अनुभव नाही रे," त्या म्हणाल्या. "हा माझा राग आहे."

त्यांनी बरेवाईट सगळे हंगाम भरले. आता पद्धत क्वचितच चुकत होती. उत्तर आलं, डोंगरउतारावर वाण उत्तम, पूर येणाऱ्या काठावर हमखास बुडणार.

बैठकीत साहेब लालबुंद झाले. "तुम्ही माझ्यावर सूड उगवताय."

"हो सर," बाई म्हणाल्या. "म्हणून तर मागचा अनुभव नि लुटुपुटीचे हंगाम, अशा दोन्ही बाजूंनी तपासून आणलंय. चूक दाखवा."

साहेबांनी कागद उलटेपालटे केले. नदीकाठचं वाटप त्यांना त्याच बैठकीत, स्वतःच्या सहीनं थांबवावं लागलं. यंदा काठावरच्या बायकांनी आपलं जुनंच, पुरात तग धरणारं बी पेरलं. पूर आला, तरी त्यांच्या कणग्या भरल्या.

मित्रांनो, जुन्या यंत्रांना उंदरांच्या तोंडी देऊ नका. आणि कुणाचा सूड घ्यायचाच असेल, तर आधी आपला राग बाजूला काढून मोजा. तो वजा करूनही जे उरतं, त्याला समोरच्याकडे उत्तर नसतं.