मामा आले की

आम्ही फेरीवाले बसतो त्या गल्लीत पोलिसाला पोलीस कुणी म्हणत नाही. तो मामा. हात जोडायचे असले तरी मामा, पाठीमागून शिव्या घालायच्या असल्या तरी मामाच. आणि कोपऱ्यावरून कुणी "मामा आले" म्हणून ओरडलं, की मालासकट चादरीची चार टोकं उचलायची आणि सुटायचं. कोण ओरडलं, खरंच आले का, हे विचारत बसलात तर माल गेलाच म्हणून समजा.

त्या दुपारी मी एका बाईला मोजे दाखवत होते. मेलीने वीस जोड उलगडायला लावले आणि घेतला एकही नाही. मान वळवली तर माझी चार वर्षांची पोर जागेवर नव्हती. पलीकडेच मोठा रस्ता, बसमागून बस. शेजारच्या चष्मेवाल्याला विचारलं, कंगवेवालीला विचारलं, कुणी पाहिली नव्हती. सिग्नलपाशी एक हवालदार दिसला, तशी मी बेंबीच्या देठापासून ओरडले, "मामा! अहो मामा!"

झालं. अख्खी गल्ली उठली. मी थांबा थांबा करतेय, पण ऐकतंय कोण? डोळ्याचं पातं लवेपर्यंत सगळं रिकामं. पोरीला कुणी पाहिलं असेल, तर तेही पळालं. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

हवालदार बिचारा धावत आला. फ्रॉकचा रंग विचारला आणि पायऱ्यांखाली, खोक्यांमागे काठी घालून बघू लागला. घाबरू नकोस बाळ, मामा आलेत, असं मोठ्यांदा म्हणत होता. ते ऐकलं आणि मला आठवलं. मीच तिला शिकवलं होतं. मामा आले की, नुसते लांबून दिसले तरी, लपायचं, कुणीही हाक मारली तरी ओ द्यायची नाही, अगदी मी मारली तरी. "मामा गेले" ऐकू आलं, की मगच बाहेर.

"मामा, तुम्ही जरा जाता का इथून?" मी म्हटलं.

तो बघतच राहिला. मी कारण सांगितलं, सांगताना मान वर होईना. त्याने टोपी काढून काखेत धरली आणि कोपऱ्यापलीकडे गेला.

"मामा गेले!"

काही हललं नाही. रस्त्यावर बस करकचून थांबली. पुन्हा ओरडले, आवाज फाटला. मग हवालदाराने दोनदा काठी घातलेल्या पायरीखालूनच आधी एक पाय आला, मागून ती, जळमटांनी माखलेली. मी तिला पोटाशी धरलं, रडले, एक धपाटाही घातला.

ती रडली नाही. कानाशी लागून हळूच म्हणाली, "आई, माल वाचला ना?"