चार सेकंदांची चोरी

मित्रांनो, मी मेक्सिकोतल्या साल्तियो शहराजवळच्या कारखान्यातली एक जुनी भट्टी आहे. जुनी म्हणा, चालेल. पण मला सदोष म्हणतात, त्याचा मला राग आहे.

माझ्या पोटात विजेच्या जोरावर पोलादी पत्रा मिनिटाच्या आत लालभडक होतो. मग शेजारचा थंड साचा त्याला आठ सेकंद घट्ट दाबून धरतो. असा झटकन निवाला, की पत्रा कडक होतो. त्याचा गाडीच्या दाराजवळचा खांब बनतो आणि अपघातात आतला माणूस वाचतो.

एकोणीस वर्षं दोन्या ओतिलियाने मला सांभाळलं; इकडे मोठ्या बाईंना मानाने 'दोन्या' म्हणतात. माझा आवाज जरा बदलला, तरी ती हातातली गोर्दिता, म्हणजे मक्याची भरलेली भाकरी, टाकून धावत यायची.

मग साल्दिवार नावाचे नवे व्यवस्थापक आले. त्यांना रोज जास्त खांब हवे होते. त्यांनी साच्याचे आठ सेकंद चारवर आणले. तिसऱ्या दिवशी ओतिलियाने एका खांबावर कानस घासली. कडक पत्र्यावरून ती घसरते. इथे खसकन रुतली.

"साहेब, हा मऊ आहे. रुग्णवाहिकेत लागणार ना हा?"

"भट्टी म्हातारी झालीय, दोन्या. तुमच्यासारखीच!"

सगळे हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

ओतिलिया म्हणाली, "माझं वय राहू द्या. तापमान बघा, पुरतं नऊशे अंशांच्या वर आहे. भट्टीने तिचं काम केलंय. घाई तुम्ही साच्यात केलीत."

"पटत नसेल तर घरी बसा!"

तिने काम बंद करायचं लाल बटण दाबलं. तो खांब खांद्यावर टाकून ती थेट फाटकाशी गेली. तिथे गिऱ्हाईक कंपनीची तपासनीस ब्रिसेइदा माल तपासत होती.

"पोरी, हा दाबून बघ. मग सही कर."

ब्रिसेइदाने तो चाचणीच्या यंत्रात घातला. निम्म्या जोरातच तो वाकला. ट्रकवर चढलेले सहाशे खांब खाली उतरले.

साच्याचे आठ सेकंद गुपचूप परत आले. साल्दिवार आजही खुर्चीत आहेत. अहवालात लिहिलं, 'जुन्या भट्टीतील दोष'. आणि परवानगीशिवाय काम थांबवलं म्हणून ओतिलियाला काढून टाकलं!

मित्रांनो, यंत्राची निगा जरूर राखा. पण यंत्र जाणणाऱ्या माणसाला आधी जपा. भट्टी नवी विकत मिळेल. ओतिलिया कुठून आणाल?