सोडतीच्या पेटीचा तोरा

मी पेटी बोलतेय. दागिन्यांची नव्हे, मतांचीही नव्हे, सोडतीची. चार फळ्या, एक तळ आणि वर हात जाईल एवढं गोल भोक. अख्खी मी म्हणजे नुसतं तोंड, पण जीभ कुणी बसवली नाही. आणि तरी नऊ वर्षं मी स्वतःला नशीब समजून बसले होते.

माझा जन्म तोक्योच्या एका गल्लीतला. चहाच्या कटोऱ्यांसाठी खोकी करणारे म्हातारे शिबुतानी यांनी मला घडवलं. मी तयार झाले तेव्हा त्यांच्या बायकोनं नाक मुरडलं. "एवढ्या चांगल्या लाकडात तांदूळ तरी राहिले असते." "अगं, हिच्यात पोरांची नशिबं राहणार आहेत," म्हातारा म्हणाला. ते वाक्य माझ्या डोक्यात गेलं, ते बरीच वर्षं तिथून उतरलं नाही.

माझं काम वर्षातून एक दुपार. दर ऑक्टोबरात बेसबॉलचे सगळे संघ एका मोठ्या हॉटेलात जमतात आणि शाळा-कॉलेजातल्या कुठल्या खेळाडूवर आपला डोळा आहे ते लिहून देतात. एकाच पोरावर दोन-चार संघांचा डोळा असला की मला टेबलावर आणतात. जितके संघ तितके लिफाफे माझ्या पोटात पडतात. एकात लाल शिक्क्याचा कागद, बाकीचे कोरे. संघांचे प्रशिक्षक एकेक करून हात घालतात आणि शिक्का ज्याच्या हाती, पोरगा त्याचा. पोराला काय हवं ते मात्र कुणी विचारत नाही.

उरलेलं वर्ष मी कचेरीतल्या कपाटात. सांभाळायला हातानाकाबाई होत्या. त्या माझ्यात चहाच्या पुड्या ठेवत. नशिबाच्या पोटात चहाच्या पुड्या! बडा घर पोकळ वासा, दुसरं काय. पण ऑक्टोबर आला की मी पुन्हा फुगायचे, कारण हात यायचे. एका प्रशिक्षकानं तीन दिवस उजवा हात कुणाला मिळवू दिला नव्हता, पांढऱ्या हातमोज्यात जपून आणला होता. दुसऱ्यानं देवळात जाऊन आल्यापासून हात धुतला नव्हता, हे तर मला वासावरूनच कळलं. एकाच्या जाडजूड मनगटाला लेकीचा गुलाबी रबरबँड होता. मला वाटायचं, हे सगळं माझ्या मानासाठी चाललंय.

मग रेइजीचं वर्ष आलं. रेइजी कावामुकाई, वय अठरा, उत्तरेच्या हाचिनोहे बंदरातल्या शाळेचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. त्याचा चेंडू फलंदाजाला दिसायच्या आत मागं बसलेल्या झेल घेणाऱ्याच्या हातमोज्यात वाजायचा म्हणे. सहा संघांनी एकट्या त्याचं नाव लिहून दिलं.

मला ढकलगाडीवर ठेवून पडद्यामागं आणलं, तेव्हा शेजारीच दोघं उभे होते. एक मोरिओकाच्या संघाचे प्रशिक्षक निरासावा. दुसरा त्यांचाच ओसानाई, गावोगाव हिंडून पोरं हेरणारा माणूस.

"झोप लागली का रे?" निरासावांनी विचारलं.

"कुठली झोप साहेब! तीन वर्षं त्या पोरासाठी जाळीमागं उभा राहिलोय. शाळेच्या मुलाशी बोलायचं नाही असा नियम, म्हणून चकार शब्द नाही. तो वाकून नमस्कार करणार, मी वाकून नमस्कार करणार. एवढे नमस्कार बायकोला केले असते तर संसार सुखाचा झाला असता."

"घरी कोण आहे त्याच्या?"

"एकटी आई. तोमिएबाई. मासळी डबाबंद करायच्या कारखान्यात आहेत. पोराचा एक सामना चुकवला नाही त्यांनी, पण सगळे सायकलवर येऊन. बसमध्ये बसल्या की उलटी. पोराच्या मास्तरांना म्हणाल्या, मोरिओका दोन तासांवर आहे, उलटीवर उतारा म्हणून बेंबीवर उमेबोशीचं खारवलेलं आंबट फळ चिकटवून कशीबशी जाईन. त्यापलीकडे गेला, तर मग पोराला टीव्हीतच बघायचं."

निरासावा म्हणाले, "म्हणजे आपल्याकडेच आला पाहिजे."

"तुम्ही फक्त एक करा. सगळ्यांत शेवटी काढा. उरलेल्यात बरकत असते, माझी आजी सांगायची."

"सगळ्यांच्याच आज्या सांगतात रे."

"मग खरंच असेल ना!"

मी मनात हसले. नशीब इथं ढकलगाडीवर बसलंय आणि हे आजीला विचारतायत!

आम्ही मंचावर आलो. मोठ्या पडद्यावर रेइजीची शाळा दिसत होती. मुख्याध्यापकांशेजारी पोरगा ताठ बसला होता. "जो संघ बोलावेल तिथं जाईन," असं त्यानं सांगून झालं होतं. हे उत्तर सगळीच पोरं देतात, प्रार्थनेसारखं पाठ असतं. मागच्या रांगेत एक बाई कारखान्याची पांढरी टोपी न काढताच उभी होती.

त्या वर्षीच्या क्रमवारीत वरच्या असलेल्या चार संघांनी आधी आपापले लिफाफे काढले. सगळे लिफाफे शेवटी एकदम उघडायचे असतात, त्यामुळं शिक्का अजून माझ्याच पोटात आहे हे मला सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं. राहिले दोघं, निरासावा आणि दूर दक्षिणेच्या कागोशिमाचे फुकाए. दोघांचेही संघ त्या वर्षी बरोबरीनं तळाला. कुणी आधी जायचं याचा नियम नव्हता. "आपसांत ठरवा," हातानाकाबाई हळूच म्हणाल्या.

निरासावा जवळ होते. त्यांनी हात घातला, आणि पहिल्याच फटक्यात त्यांची बोटं शिक्क्याच्या लिफाफ्याला लागली. लागली काय, धरलाच त्यांनी तो. अर्धा उचलला. नऊ वर्षांत मला कधी काही हवंसं वाटलं नव्हतं. त्या क्षणी वाटलं. काढ बाबा, काढ, दोन तासांवर आहे ती बाई.

आणि त्यांना ओसानाईची आजी आठवली.

त्यांनी लिफाफा सोडला, हात बाहेर घेतला आणि फुकाएंपुढे कमरेत वाकले. "आपण आधी."

फुकाएंनाही आजी होतीच. ते त्याहून खाली वाकले. "छे छे, तुम्ही पुढं होतात. आपणच आधी."

"असं कसं? आपण लांबून आलात."

"लांबून आलोय म्हणूनच घाई नाही."

"मी आपल्यापेक्षा एका वर्षानं मोठा आहे," निरासावा गोड हसून म्हणाले. "वडीलकीचा एवढा मान राखाच."

बिचारे फुकाए अडकले. मोठ्यांचा शब्द तिसऱ्यांदा मोडणं त्यांच्याच्यानं झालं नाही. टीव्हीवर अख्खा देश दोघांच्या शालीनतेचं कौतुक करत होता. एकालाही दुसऱ्याचं भलं नको होतं, दोघांना फक्त उरलेलं हवं होतं. फुकाएंनी चेहरा पाडून हात घातला आणि जो पहिला लागला तो लिफाफा उचलला. हातचं सोडून पळत्याच्या पाठी म्हणतात ते हेच. माझं तोंड आ वासून उघडंच होतं, पण त्यातून आवाज काही फुटला नाही.

लिफाफे उघडले. फुकाएंनी अशी आरोळी ठोकली की हातानाकाबाईंच्या हातातली टाचणी पडली. पडद्यावर रेइजी म्हणाला, "फार आनंद झाला." मागची पांढरी टोपी आभार मानायला इतकी खाली वाकली, की चित्रातून गेलीच.

सभागृह रिकामं झाल्यावर ओसानाई एकटा आला. त्यानं माझ्यात हात घातला आणि चारही कोपरे चाचपले. मग "काय गं आजी," एवढंच म्हणून निघून गेला. त्या हिवाळ्यात निरासावांची नोकरी गेली. आपण काय धरून सोडलं होतं, ते त्यांना आजही ठाऊक नाही. माझा काही दोष नाही असं म्हणायला मी मोकळी आहे. करून सवरून नामानिराळं राहायचं, हाच तर माझा धंदा.

पुढच्या वर्षी पारदर्शक पेटी आली, मला काढून टाकलं. पण कागोशिमाच्या संघानं मला मागून घेतलं आणि मैदानाच्या दाराशी काचेत बसवलं. खाली पाटी लावली, 'रेइजीला घेऊन आलेली भाग्यपेटी'. परीक्षेआधी पोरं येऊन काचेला हात लावतात. आता खोटं कशाला बोलू, मी पुन्हा फुगले.

एप्रिलच्या एका दुपारी एक बाई भिंत धरत धरत आत आली. चेहऱ्याला रंग म्हणून नव्हता. दारावरचा योशिदोमे धावला. "काकू, बसा जरा. कुठून आलात?"

"हाचिनोहे. तीन गाड्या बदलून. काल निघाले."

"अरे बापरे! बरं, इथवर आलात तर या काचेला हात लावा. नशीब उघडतं."

तिनं पाटी वाचली, मला खालून वर पाहिलं. "नको रे बाबा. एकदा हिच्यात हात घातला तर माझं पोर देशाच्या दुसऱ्या टोकाला आलं. आता लावला तर कुठं भिरकावेल कोण जाणे."

योशिदोमेनं मग ती कोण हे ओळखलं आणि इतकं वाकून नमस्कार केला की त्याची टोपी पडली. तोमिएबाई वर्षातून पाच वेळा तशाच येत राहिल्या. येताना दोन दिवस, जाताना दोन दिवस. माझ्या शेजारी भिंतीला टेकून जमीन हलायची थांबेपर्यंत उभ्या राहायच्या, मग आत जायच्या. मला इथून फक्त आरडाओरडा ऐकू येतो. बाई आत असल्या की मी तो नीट कान देऊन ऐकते.

अशी सात वर्षं गेली. या पावसाळ्यानंतर अमेरिकेचे लोक आले. चार संघांना रेइजी हवा आहे. दोन त्यांच्या अलीकडच्या किनाऱ्याचे, दोन पार पलीकडचे. एक उंच माणूस दुभाष्याकडून माझी पाटी वाचून घेत होता.

"म्हणजे मुलाला विचारत नाहीत?" त्यानं विचारलं.

"मुलगा हो म्हणतो," योशिदोमे म्हणाला.

"पण विचारत नाहीत?"

योशिदोमेनं त्याला चहा आणून दिला. या वेळी पेटी नाही, लिफाफे नाहीत, चौघं आपापली बोली लावणार आणि रेइजी स्वतः ठरवणार. माझा थोडा जळफळाट झाला, हे कबूल करते. मग तोमिएबाई आठवल्या. समुद्रावरून गाडी जात नाही.

काल त्या आल्या. नोव्हेंबर आहे, मैदान बंद. चेहरा नेहमीपेक्षा पांढरा, हातात कागदी पिशवी.

"काकू, आज सामना नाही," योशिदोमे म्हणाला.

"ठाऊक आहे. विमानानं आले. सराव करतेय."

"कसला सराव?"

"अमेरिकेचा. आज दोन विमानं, मिळून तीन तास, सहा पिशव्या. तिकडं तेरा तास लागतात ना? म्हणजे सव्वीस."

योशिदोमेनं त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. "रेइजीला सांगितलंत?"

"खुळा का काय तू? माझ्या ओकाऱ्या मोजून संघ निवडेल तो. गेल्या वेळी त्याला कुणी विचारलं नाही. आता विचारतायत, तर त्याला मनासारखं उत्तर देऊ दे." त्यांनी तोंड पुसलं आणि घड्याळ पाहिलं. "परतीचं विमान चारचं आहे. तेवढंही आज करून बघते."

मी नशीब नव्हते, कधीच नव्हते. एका माणसानं माझ्यातला लिफाफा सोडला, दुसऱ्यानं उचलला, आणि मधल्या अंतराला सात वर्षं ही बाई पुरून उरली. तेव्हा माझी एवढीच विनंती आहे. काचेला हात लावून माझ्याकडे काही मागू नका. मागायचंच असेल तर तुमच्या देवाकडे मागा, की रेइजीच्या मनात अलीकडच्या किनाऱ्याचा संघ भरावा. पलीकडच्या किनाऱ्याला विमानानं आणखी पाच तास लागतात, असं योशिदोमे सांगत होता. म्हणजे आणखी दहा पिशव्या.